‘ते रांगेतून का येत नाहीत?’

बेकायदा स्थलांतराचा विषय निघाला की थोड्या वेळात एक प्रश्न हमखास येतो: "यायचं तर खुशाल या, पण रांगेतून का येत नाही?" प्रश्न रास्त आहे. नियम पाळून वर्षानुवर्षं थांबलेल्या माणसासमोरून दुसरा कुणी परवान्याशिवाय आत शिरला, तर राग येणारच. असा प्रश्न विचारणाऱ्याला निर्दयी ठरवणं मला पटत नाही. फक्त त्या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे रांग आहे. ती खरंच आहे का, हे आधी पाहू. या विषयातला निम्मा गोंधळ तिथेच सुटतो.

उदाहरण अमेरिकेचं घेऊ, कारण तिथले नियम आणि आकडे सर्वांत जास्त तपासले गेले आहेत. तिथे कायम राहण्याचा परवाना, म्हणजे ग्रीन कार्ड, मिळवायचे मोजकेच मार्ग आहेत: जवळचं नातं, मालकाने केलेला अर्ज, छळामुळे मिळणारा आश्रय, लॉटरी किंवा मोठी गुंतवणूक. आता समजा, मध्य अमेरिकेतला एक शेतमजूर आहे. शिक्षण आठवीपर्यंत, तिकडे कुणी नातेवाईक नाही, गाठीला पैसा नाही, पण अंगात कष्टाची ताकद आहे. त्याच्यासाठी कायद्यात ‘इतर कामगार’ नावाचा एक वर्ग आहे. त्यात सगळ्या जगासाठी मिळून वर्षाला जास्तीत जास्त १०,००० परवाने, आणि कामगाराची बायकोमुलंही त्याच आकड्यात धरली जातात. शिवाय हजारो किलोमीटरवरच्या, कधी न भेटलेल्या मालकाने त्याच्या नावाने अर्ज करायला हवा. कायद्याने लॉटरीसाठी वर्षाला ५५,००० पर्यंत परवाने ठेवले आहेत, पण ज्या देशांतून आधीच खूप लोक येतात ते वगळलेले असतात. मेक्सिको आणि भारत दोन्ही त्यात नाहीत. भाऊ किंवा बहीण अमेरिकेची नागरिक असेल तर अर्ज करता येतो, पण मेक्सिकोतल्या माणसाचा नंबर लागायला वीस वर्षांहून अधिक काळ जातो. हंगामी शेतकामाचा व्हिसा आहे आणि त्याला संख्येची मर्यादाही नाही. पण तो फक्त हंगामापुरता. गोठ्यात गाई बाराही महिने दूध देतात, म्हणून दुग्धव्यवसायाला तो व्हिसा वापरता येत नाही.

म्हणजे पदवीधरासाठी रांग आहे, रक्ताच्या नात्यासाठी आहे, पैसेवाल्यासाठी आहे. जो फक्त हातांनी काम करतो त्याच्यासाठी ती जवळजवळ नाहीच. आणि गरज तर त्याच हातांची आहे. अमेरिकेच्या कामगार खात्याच्याच पाहणीनुसार पिकांवर काम करणाऱ्या मजुरांपैकी साधारण दहातल्या चौघांकडे कामाचा परवाना नसतो. कायदा ‘नको’ म्हणतो आणि शेत ‘ये’ म्हणतं. या दोन हाकांच्या मधे जी माणसं सापडतात, त्यांना आपण बेकायदा स्थलांतरित म्हणतो.

‘बेकायदा’ म्हणजे नक्की कोण?

मराठीत या सगळ्यांसाठी एकच शब्द सर्रास वापरला जातो, घुसखोर. तो ऐकला की रात्रीच्या अंधारात कुंपण कापणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. तसे लोक आहेत. पण कित्येक जण विमानाने येतात, पासपोर्टवर रीतसर शिक्का मारून घेतात आणि व्हिसाची मुदत संपल्यावर परत जात नाहीत. अमेरिकेत परवान्याशिवाय राहणाऱ्यांपैकी अशांचं प्रमाण गेल्या दशकातल्या अंदाजांनुसार सुमारे ४० टक्के होतं. भिंत कितीही उंच बांधली तरी त्यांच्यावर तिचा काडीचा परिणाम होत नाही, कारण ते भिंतीकडे आलेच नव्हते.

तिसरा प्रकार कमी माहितीतला आहे. आखाती देशांतल्या कफाला पद्धतीत कामगाराचा राहण्याचा परवाना एकाच मालकाला, कफीलला, बांधलेला असतो. अलीकडे काही देशांनी हे नियम सैल केले आहेत, पण मूळ रचना अशी: पगार थकला, मारहाण झाली म्हणून कामगार घर सोडून निघाला, की मालक ‘कामगार फरार’ अशी तक्रार देऊ शकतो. एका तक्रारीने तो माणूस बेकायदा होतो. तो आला होता रीतसर, फसवणूक झाली ती त्याची, आणि गुन्हेगार ठरतो तोच.

चौथा प्रकार तर अजब वाटेल, पण तो घडला आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनला कामाला माणसं हवी होती. कॅरिबियन बेटांवरच्या वसाहतींतून हजारो लोक आले, तेही ब्रिटिश प्रजाजन म्हणून, पूर्ण कायदेशीरपणे. १९७३ च्या आधी आलेल्यांना राहण्याचा हक्क होता, पण त्यातल्या अनेकांना कागद असा कुणी दिलाच नव्हता. २०१२ नंतर सरकारने बेकायदा राहणाऱ्यांचं जगणं अवघड करायचं धोरण आणलं. घरमालक, नोकरी देणारे, रुग्णालयं, बँका अशा सगळ्यांनी कागद तपासायचे. मग पन्नास-पन्नास वर्षं तिथे राबून म्हातारी झालेली माणसं अचानक ‘पुरावा दाखवा’ या प्रश्नासमोर उभी राहिली. ती आली तेव्हाच्या नोंदींची जुनी कार्डं गृहखात्याने २०१० मध्ये नष्ट करून टाकली होती. काहींच्या नोकऱ्या गेल्या, काहींचे उपचार थांबले, आणि किमान ८३ जणांना चुकीने देशाबाहेर जावं लागलं. अशा लोकांना घेऊन आलेल्या ‘विंडरश’ जहाजाच्या नावावरून २०१८ मध्ये हे ‘विंडरश प्रकरण’ म्हणून उघडकीला आलं. या माणसांनी कुठलीही सीमा चोरून ओलांडली नव्हती. ती होती तिथेच होती आणि नियम बदलले.

म्हणून ‘बेकायदा’ हा माणसाचा स्वभाव किंवा जात नव्हे. माणूस आणि कागद यांच्यात त्या क्षणी असलेलं ते नातं आहे, आणि ते बदलतं. गुन्ह्याचं स्वरूपही सगळीकडे सारखं नसतं. अमेरिकेत तपासणी चुकवून सीमा ओलांडणं हा १९२९ च्या कायद्यापासून गुन्हा आहे, मात्र व्हिसाची मुदत उलटून राहणं हा नुसता दिवाणी स्वरूपाचा नियमभंग. दोघांनाही परत पाठवता येतं, पण कायद्याच्या लेखी दोघे सारखे नाहीत.

ही सगळी व्यवस्था आपल्याला अनादि वाटते. पण प्रत्येक सीमेवर पासपोर्ट आणि व्हिसा दाखवण्याची सक्ती पहिल्या महायुद्धानंतर सर्वत्र रुळली. अमेरिकेने चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा १८८२ मध्ये केला. युरोपातून येणाऱ्यांवर देशवार कोटा आणि सीमेवर गस्तीचं दल या दोन्ही गोष्टी पक्क्या झाल्या १९२४ मध्ये. ज्याला आज आपण बेकायदा स्थलांतर म्हणतो, तो प्रश्न जेमतेम शंभर-दीडशे वर्षांचा आहे.

तीच शेतं, तोच हंगाम

कागद बदलला की माणूस कसा बेकायदा होतो, याचं सर्वांत स्पष्ट उदाहरण मेक्सिकोच्या शेतमजुरांचं आहे. महायुद्धात मजूर कमी पडले म्हणून १९४२ मध्ये अमेरिकेने मेक्सिकोशी करार केला. ‘ब्रासेरो’ नावाच्या या योजनेत १९६४ पर्यंत ४५ लाखांच्या आसपास मजुरी करार झाले. माणसं हंगामाला यायची, कापणी-तोडणी करायची आणि घरी परतायची. योजनेत अन्याय भरपूर होता, मजुरी बुडवली जायची, राहण्याची सोय वाईट असायची. १९६४ च्या अखेरीस ती बंद झाली. पाठोपाठ अमेरिका खंडातल्या देशांवर पहिल्यांदा संख्येची मर्यादा आली आणि १९७६ च्या कायद्याने मेक्सिकोला इतर देशांसारखीच वर्षाला २०,००० ची मर्यादा लागली.

शेतं तीच राहिली, हंगाम तोच राहिला, मजूर आणि मालकही बरेचसे तेच राहिले. पूर्वी ते करारावर यायचे, आता विनापरवाना येऊ लागले.

यात स्थानिक मजुरांचा फायदा झाला का? योजना बंद करण्यामागचा एक मुख्य युक्तिवाद तोच होता, की बाहेरचे गेले की इथल्यांची मजुरी वाढेल. पुढे अर्थतज्ज्ञ मायकल क्लेमेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुने आकडे काढून तपासलं. ज्या राज्यांतून ब्रासेरो मजूर गेले तिथली मजुरी इतर राज्यांच्या तुलनेत काही वाढली नाही. शेतकऱ्यांनी टोमॅटो तोडायची यंत्रं आणली, आणि जिथे यंत्र चालत नव्हतं तिथे काही पिकंच कमी केली.

मजुरीवरचा वाद एवढ्याने मिटत नाही, हेही सांगायला हवं. १९८० मध्ये क्यूबातून काही महिन्यांत सव्वा लाख लोक बोटींनी मायामीत आले, शहराची कामकरी संख्या जवळपास सात टक्क्यांनी फुगली. डेव्हिड कार्ड या अर्थतज्ज्ञांनी १९९० मध्ये दाखवलं की तिथल्या मजुरीवर फारसा परिणाम झाला नाही. पंचवीसेक वर्षांनी दुसरे अर्थतज्ज्ञ जॉर्ज बोर्हास यांनी तेच आकडे वेगळ्या रीतीने मांडून म्हटलं की शाळाही पुरी न केलेल्या पुरुषांची मजुरी चांगलीच घसरली होती. मग इतरांनी त्यांच्या नमुन्यावर शंका काढल्या. या वादातून मला एवढं दिसतं की फायदा-तोटा सगळ्यांच्या वाट्याला सारखा येत नाही. भाजी स्वस्त मिळते ती सगळ्यांना. स्पर्धा सोसावी लागते ती तळच्या माणसाला, आणि बहुतेक वेळा आधी आलेल्या स्थलांतरितांनाच.

सरकारी खर्चाचंही तसंच आहे. अमेरिकेत परवाना नसलेले कित्येक कामगार खोट्या किंवा दुसऱ्याच्या सामाजिक सुरक्षा क्रमांकावर नोकरी करतात. त्यांच्या पगारातून निवृत्तिवेतनाचा वाटा कापला जातो, पण तो त्यांना कधीच परत मिळत नाही. त्या योजनेच्या मुख्य गणिततज्ज्ञांच्या हिशेबाने एकट्या २०१० या वर्षात त्यातून सुमारे १२ अब्ज डॉलरची निव्वळ भर पडली. पैसा गेला केंद्राच्या तिजोरीत. वर्गात वाढलेली मुलं, दवाखान्यातली गर्दी आणि घरांचं वाढलेलं भाडं मात्र गावाच्या आणि राज्याच्या वाट्याला येतं. एखाद्या छोट्या शहरातला रहिवासी ‘आमच्यावर भार पडतोय’ म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. त्याला द्वेषी म्हणून गप्प करण्यापेक्षा केंद्राने त्या शहराला पैसे देणं जास्त शहाणपणाचं ठरेल.

गुन्हेगारीबद्दल थोडक्यात. टेक्सास राज्यात अटक झालेल्या प्रत्येकाचा परवाना तपासला जातो, म्हणून तिथे खरी तुलना करता येते. २०१२ ते २०१८ च्या नोंदींवरचा अभ्यास सांगतो की गंभीर गुन्ह्यांत अटक होण्याचं प्रमाण विनापरवाना लोकांमध्ये तिथे जन्मलेल्यांपेक्षा कमी आहे. पोलिसांशी गाठ पडली की सगळंच संपतं, त्यामुळे बहुतेक जण चार हात लांब राहतात. याची दुसरी बाजू त्रासदायक आहे. ते लांब राहतात म्हणून त्यांना लुटणाऱ्याची तक्रारही होत नाही.

जीव वाचवायला आलेल्यांचं काय?

आतापर्यंत कामासाठी येणाऱ्यांबद्दल बोललो. युद्ध किंवा छळ यांपासून पळालेल्या माणसासाठी कायदा वेगळा आहे, आणि त्यामागे एक जुनी शरम आहे. १९३९ मध्ये ‘सेंट लुईस’ नावाचं जहाज ९३७ प्रवासी घेऊन जर्मनीहून निघालं, त्यातले जवळजवळ सगळे ज्यू होते. क्यूबाने बहुतेकांना उतरू दिलं नाही, अमेरिकेनेही नाही. जहाज युरोपला परतलं आणि त्यातले २५४ जण पुढे नाझींच्या नरसंहारात मारले गेले. महायुद्धानंतर १९५१ मध्ये निर्वासितांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याचं ३३ वं कलम म्हणतं, जिथे जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका आहे तिथे माणसाला परत ढकलू नका. ३१ वं कलम म्हणतं, धोक्यातून थेट आलेला माणूस विनापरवाना शिरला म्हणून त्याला शिक्षा करू नका, त्याने लगेच हजर होऊन कारण सांगावं.

पण अडचण पुढे येते. आश्रय मागायला त्या देशात पाय ठेवावा लागतो, आणि ‘आश्रय मागायला येतो’ असं सांगून मिळणारा व्हिसा साधारणपणे कुठेच नसतो. व्हिसा नसलेला प्रवासी विमानात घेतला तर विमान कंपनीला दंड होतो, म्हणून काउंटरवरची कर्मचारीच त्याला परत पाठवते. २०१५ मध्ये तुर्कस्तानच्या बोडरूमहून ग्रीसच्या कोस बेटावर रोज फेरीबोट जात होती. त्याच समुद्रातून सीरियन कुटुंबं तिकिटाच्या कित्येक पट पैसे तस्करांना देऊन रबरी बोटींत बसत होती. फेरीबोटीत जागा होती. त्यांच्याकडे शिक्का नव्हता.

आश्रयाच्या व्यवस्थेचा गैरवापर होत नाही, असं मी म्हणणार नाही. जिथे कामाचा दुसरा मार्गच नाही तिथे काम शोधणारेही आश्रयाचा अर्ज करतात. आणि हे वाढतं ते निकालाच्या उशिरामुळे. अमेरिकेच्या स्थलांतर न्यायालयांत २०२४ मध्ये ३५ लाखांहून अधिक खटले पडून होते. निकालाला चार-पाच वर्षं लागणार असतील, तर कच्च्या दाव्याच्या माणसाला तो उशीर म्हणजेच परवाना. आणि ज्याचा दावा खरा आहे, ज्याची बायकोमुलं मागे धोक्यात आहेत, त्याच्यासाठी तीच वर्षं नरकयातना. या एका गोष्टीबद्दल मला सर्वांत जास्त तळमळ वाटते: न्यायाधीश, दुभाषे आणि वकील वाढवून निकाल सहा महिन्यांत लावले, तर खऱ्याला लवकर थारा मिळेल आणि खोट्याला यायचं कारणच उरणार नाही. पण बातम्यांत चित्र भिंतीचं दिसतं. न्यायाधीश नेमल्याचं चित्र कोण छापणार?

भिंती चालतात का?

कधीकधी चालतात, आणि हे मान्य केल्याशिवाय पुढची चर्चा खोटी होते. २०१५ मध्ये ग्रीसला समुद्रमार्गे साडेआठ लाखांहून अधिक लोक पोहोचले. मार्च २०१६ मध्ये युरोपीय संघाने तुर्कस्तानशी समझोता केला. तुर्कस्तानने लोकांना अडवायचं, बेटांवर पोहोचलेल्यांना परत घ्यायचं, आणि निर्वासितांच्या खर्चासाठी युरोपने ६ अब्ज युरो द्यायचे. २०१७ मध्ये तोच आकडा ३०,००० च्या आसपास आला.

किंमत वेगळ्या रूपात चुकवावी लागली. आपल्या दाराची किल्ली शेजाऱ्याकडे दिली की शेजारी ती वापरतो. २०२० च्या फेब्रुवारीत तुर्कस्तानने ‘आता आम्ही अडवणार नाही’ असं जाहीर केलं आणि हजारो लोक ग्रीसच्या सीमेवर जमले. मे २०२१ मध्ये स्पेनशी बिनसल्यावर मोरोक्कोने पहारा ढिला सोडला, तेव्हा दोन दिवसांत सुमारे ८,००० लोक मोरोक्कोला लागून असलेल्या सेउता या स्पेनच्या शहरात शिरले. माणसं राजकारणातली सोंगटी झाली.

दुसरा परिणाम जिवावरचा. रस्ता बंद झाला की प्रवास थांबतोच असं नाही, तो जास्त धोक्याच्या वाटेने होतो. १९९४ पासून अमेरिकेने सॅन दिएगोसारख्या शहरांजवळची सीमा बंद केली, तशी वाट ॲरिझोनाच्या वाळवंटात सरकली आणि तिथे तहानेने, उष्माघाताने माणसं मरू लागली. भूमध्य समुद्रात २०१४ पासून ३०,००० हून अधिक लोक बुडाले किंवा बेपत्ता झाले, ही आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेची नोंद आहे. ३ ऑक्टोबर २०१३ ला इटलीच्या लॅम्पेदुसा बेटाजवळ एका बोटीतले ३६८ जण गेले. त्यानंतर इटलीच्या नौदलाने वर्षभर बचाव मोहीम चालवली आणि लाखावर माणसं वाचवली. ‘वाचवता म्हणून जास्त येतात’ असा आक्षेप घेऊन ती बंद झाली. बुडणं थांबलं नाही. एप्रिल २०१५ मध्ये एकाच बोटीतले सुमारे ८०० जण मेले.

तिसरा परिणाम कुणाच्या ध्यानीमनी नव्हता. समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी यांनी मेक्सिकोतल्या गावांचा कित्येक वर्षं अभ्यास केला. सीमा सैल होती तेव्हा पुरुष हंगामाला जायचे आणि परत यायचे. पहारा कडक झाला, दलालाचा दर वाढला, वाटेत मरायची भीती वाढली, तसं जाणं फारसं कमी झालं नाही. परत येणं कमी झालं. एकदा पोहोचला की माणूस तिथेच राहायचा आणि बायकोमुलांनाही बोलावून घ्यायचा. १९९० च्या सुरुवातीला अमेरिकेच्या गस्ती दलात सुमारे ४,००० जवान होते, पुढच्या वीसेक वर्षांत ते २०,००० च्या वर गेले. त्याच काळात विनापरवाना राहणाऱ्यांची संख्या कमी न होता २००७ पर्यंत १ कोटी २० लाखांच्या घरात पोहोचली. बाहेर ठेवायला उभारलेल्या कुंपणाने लोकांना आत अडकवलं.

मालकाला कोण विचारतं?

माणसं येतात कारण काम मिळतं. मग काम देणाऱ्यावर लक्ष ठेवणं सोपं नाही का? भिंतीपेक्षा नक्कीच सोपं आहे. कारखाना, शेत, बांधकाम जागचं हलत नाही. तरीही जगभर हीच बाजू सर्वांत दुबळी राहिली. अमेरिकेने १९८६ मध्ये पहिल्यांदा विनापरवाना माणसाला कामावर ठेवणं बेकायदा केलं. पण मालकाने फक्त कागद ‘वरकरणी खरे दिसतात’ एवढं पाहायचं होतं. खोट्या कागदांचा धंदा तेजीत आला आणि मालक सुटले. मधे कंत्राटदार, त्याखाली उपकंत्राटदार, त्याखाली मुकादम अशी उतरंड असली, की मूळ कंपनी म्हणते ‘आमचा संबंध नाही’.

परवाना नसलेला मजूर मालकाला परवडतो तो फक्त स्वस्त म्हणून नव्हे. तो बोलत नाही, हे त्याचं मोल आहे. पगार बुडाला, बोट तुटलं, छताखाली वीस जण कोंबले, तरी तो कुठे जाणार? ५ फेब्रुवारी २००४ च्या रात्री इंग्लंडच्या मोरकॅम खाडीत चिनी मजुरांची टोळी शिंपल्या गोळा करत होती. भरतीची वेळ त्यांना कुणी नीट सांगितली नव्हती. पाणी चहूबाजूंनी आलं आणि किमान २१ जण बुडून मेले. त्यांच्या मुकादमाला सदोष मनुष्यवधासाठी तुरुंगवास झाला, आणि त्याच वर्षी ब्रिटनने मजूर पुरवणाऱ्या मुकादमांना परवाना सक्तीचा करणारा कायदा केला. तपासणी मजुराच्या पासपोर्टची करण्याआधी मजुरी, तास आणि सुरक्षेची केली, तर स्थानिक मजुराचाही फायदा होतो. बाहेरच्याला कमी पैशांत राबवता आलं नाही, तर त्यालाच चोरून आणायचं कारण मालकाकडे उरत नाही.

जे आधीच आत आहेत

इथे सगळ्यांची दातखीळ बसते. ‘सगळ्यांना परत पाठवा’ हे म्हणायला सोपं आहे. पण परत घ्यायला दुसऱ्या देशाची तयारी लागते, त्याने ‘हा आमचा माणूस’ म्हणून कागद द्यावा लागतो. युरोपीय संघात देश सोडायचा आदेश मिळालेल्यांपैकी साधारण पाचातला एकच खरोखर परत जातो. शिवाय माणसं एकटी राहत नाहीत. अमेरिकेत जन्मलेल्या, म्हणून नागरिक असलेल्या ४० लाखांहून अधिक मुलांच्या आई किंवा वडिलांकडे परवाना नाही. वडिलांना हद्दपार केलं तर मुलाला कोणत्या देशात पाठवायचं?

‘मग आता तरी रांगेत जा’ म्हणावं, तर तिथेही कुलूप आहे. १९९६ च्या अमेरिकी कायद्याने, वर्षाहून अधिक काळ विनापरवाना राहिलेला माणूस देशाबाहेर पडला की त्याला दहा वर्षं परत यायला बंदी. व्हिसासाठी बाहेर जाणं आवश्यक, आणि बाहेर गेलं की बंदी. नागरिकाशी लग्न झालेले कित्येक जणही यामुळे अडकले.

राहिला मार्ग आत असलेल्यांना कायदेशीर करण्याचा. १९८६ मध्ये अमेरिकेने सुमारे २७ लाख लोकांना कायदेशीर केलं. त्यावरचा आक्षेप मला खरा वाटतो: नियम मोडणाऱ्याला बक्षीस मिळालं, आणि रांगेत थांबलेला मूर्ख ठरला. मात्र वीस वर्षांत आकडा पुन्हा फुगला त्याचं मोठं कारण असं, की जे आत होते त्यांना कागद दिले आणि पुढे येणाऱ्या मजुरांसाठी नवा कायदेशीर मार्ग ठेवलाच नाही. स्पेनने २००५ मध्ये वेगळी रीत वापरली. आधीपासून देशात असल्याची नोंद हवी, गुन्हा नको, आणि अर्ज मजुराने एकट्याने नव्हे, तर मालकाने नोकरीचा करार जोडून, सामाजिक सुरक्षेचा हप्ता भरून करायचा. सुमारे पावणेसहा लाख लोक कायदेशीर झाले. चोरून राबवलेलं काम हिशेबात आलं. नंतरच्या अभ्यासात त्यामुळे नव्या लोकांचा लोंढा वाढल्याचं आढळलं नाही, आणि हप्त्यांतून सरकारचं उत्पन्न माणशी सुमारे ४,००० युरोने वाढलं. कोलंबियाने २०२१ मध्ये व्हेनेझुएलातून आलेल्या लाखो लोकांना दहा वर्षांचा परवाना देऊ केला. तो देश काही श्रीमंत नव्हता. कोण कुठे राहतं आणि काय करतं हे आपल्याला माहीत असलेलं बरं, असा त्यामागे साधा विचार होता.

मुलांचा प्रश्न मात्र वाट पाहत नाही, कारण मूल सात वर्षांचं एकदाच होतं. टेक्सासमधल्या टायलर शहराच्या शाळांनी १९७७ मध्ये परवाना नसलेल्या मुलांकडून वर्षाला १,००० डॉलर फी मागितली. मजुराच्या घरात एवढे पैसे कुठून येणार? मुलं घरी बसली. चार कुटुंबं न्यायालयात गेली. सुनावणीतून थेट हद्दपारी होईल या भीतीने ते लोक भल्या पहाटे, सामानसुमान गाडीत भरूनच आले होते. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८२ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला की आईवडिलांच्या कृत्याची शिक्षा मुलांना देता येणार नाही, त्यांना शाळेत घ्यावंच लागेल. निकालपत्र न्यायमूर्ती ब्रेनन यांनी लिहिलं. निरक्षर, कायमचा खालचा वर्ग देशातच तयार करण्यात देशाचं कोणतं हित आहे, हे राज्याला दाखवता आलं नाही, असं त्यांनी म्हटलं.

खटला ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते जेम्स प्लायलर टायलरच्या शाळांचे प्रमुख होते, म्हणजे हरलेल्या बाजूचे. बऱ्याच वर्षांनी त्यांनी सांगितलं की आपण तो खटला हरलो, हे चांगलंच झालं.